मागच्या नव्वद दिवसांचा हिशेब

फिजिशियन : मॅडम, तुमचा रिपोर्ट हातात येतो तेव्हा माझा निर्णय होऊन दोन-तीन दिवस उलटलेले असतात. एवढं आधी मान्य करा, मग पुढचं बोलू. रात्री अकराला पेशंट येतो. वय सत्तरीच्या घरात, जुना मधुमेह, श्वास मिनिटाला चौतीस, ऑक्सिजन चौऱ्याऐंशी, एक्स-रेत उजवं फुप्फुस खालून पांढरं झालेलं. हे कोणत्या जंतूचं काम आहे ते त्या क्षणी मला माहीत नसतं आणि तुम्हालाही नसतं. तरी प्रतिजैविक मला निवडावंच लागतं, तेही तासाभरात. सेप्टिक शॉकमध्ये योग्य प्रतिजैविक मिळायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी घटत गेली, असा एक अभ्यास २००६ साली आला. तो आकडा आमच्या पिढीच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. म्हणून मी मेरोपेनेम हे मोठं प्रतिजैविक लावतो. चूक व्हायचीच असेल तर जास्त देण्याची व्हावी, कमी देण्याची नको. जास्त दिलेलं औषध उद्या बंद करता येतं.

मायक्रोबायोलॉजिस्ट : आकडा खरा आहे, पण तो कोणत्या पेशंटचा आहे तेही सांगा. ज्यांचा रक्तदाब कोसळलेला होता त्यांचा. ज्याला ताप आहे, खोकला आहे, पण जो उठून बसतो, बोलतो, पाणी पितो, त्याच्या न्यूमोनियाला हा आकडा लावून चालत नाही. आपण मात्र दोघांनाही एकाच घाईनं एकच औषध देतो. घरून आलेल्या न्यूमोनियात नेहमीचे जंतू म्हणजे न्यूमोकोकस, हिमोफिलस, मायकोप्लाझ्मा आणि भरपूर विषाणू. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त प्रौढ पेशंटना उपलब्ध असलेल्या जवळपास सगळ्या चाचण्या लावून पाहिल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेमतेम ३८ टक्क्यांमध्ये जंतू सापडला आणि त्यातही जीवाणूंपेक्षा विषाणू जास्त निघाले. औषधांना दाद न देणारे जंतू हा त्यातला अगदी छोटा वाटा होता. आपला देश वेगळा आहे हे मला ठाऊक आहे, त्यावर आपण येऊच. पण बहुतेकांना साधं औषध पुरतं आणि थोड्यांना पुरत नाही, ही रचना इथेही तीच आहे. मग प्रश्न उरतो तो हे थोडे कोण, आणि ते पहिल्या रात्री ओळखता येतात का, एवढाच. जोखमीच्या घटकांची सगळी चर्चा यासाठी आहे. आणि जास्त औषध निरुपद्रवी असतं हे तर मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या अठ्ठ्याऐंशी हजार न्यूमोनियाच्या पेशंटची नोंद २०२० साली तपासली गेली. ज्यांना नेहमीच्या औषधांबरोबर एमआरएसए या प्रतिकारक जंतूसाठीचं औषधही सुरुवातीपासून दिलं होतं, त्यांच्यात तीस दिवसांतले मृत्यू जास्त होते. किडनीचं नुकसान आणि पुढचे संसर्गही जास्त होते.

फिजिशियन : तो नोंदींवरून केलेला अभ्यास आहे. जो जास्त आजारी दिसला त्यालाच डॉक्टरनं जास्त औषध दिलं असणार. संख्याशास्त्रानं कितीही समतोल साधला तरी डॉक्टरनं त्या रात्री पेशंटकडे पाहून जे ओळखलं ते नोंदीत उतरत नाही. ते राहू द्या. मला जोखमीच्या घटकांच्या या याद्यांचाच भरवसा वाटत नाही, कारण त्या कशा बदलत गेल्या ते मी पाहिलं आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या संस्थांनी आम्हाला सांगितलं की, घरी राहणाऱ्यांचा न्यूमोनिया आणि रुग्णालयात होणारा न्यूमोनिया यांच्यामध्ये एक तिसरा प्रकार आहे. मागच्या तीन महिन्यांत दोन दिवस किंवा जास्त ॲडमिट होता का? वृद्धाश्रमात राहतो का? डायलिसिसवर आहे का? गेल्या महिन्यात शिरेतून औषधं, केमोथेरपी किंवा जखमेचं ड्रेसिंग झालं का? एका जरी प्रश्नाचं उत्तर हो आलं की मोठी औषधं सुरू करा. आम्ही ते पाठ केलं आणि आमच्या रेसिडेंट मुलांना शिकवलं. मग २०१६ मध्ये तो प्रकार एका मार्गदर्शिकेतून गेला आणि २०१९ मध्ये दुसरीतूनही पुसला गेला. मधल्या काळात जगभर जे मोठं औषध गेलं त्याचं काय? ज्या यादीनं इतकी वर्षं चुकीची माणसं निवडली, तिच्याच पुढच्या आवृत्तीवर मी पेशंटचा जीव का सोपवू?

मायक्रोबायोलॉजिस्ट : ती यादी का चुकली ते नीट पाहू या, कारण नेमकं तिथंच शिकण्यासारखं आहे. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून तपासणी झाली. त्या यादीत बसणारे पेशंट जास्त दगावत होते हे खरंच होतं. पण दगावण्याचं कारण प्रतिकारक जंतू नव्हतं. ते म्हातारे होते, अंथरुणाला खिळलेले होते, किडन्या निकामी झालेल्या होत्या. यादी माणसाचा अशक्तपणा मोजत होती आणि आपण त्याला जंतूचा प्रतिकार समजत होतो. अशक्त माणसाला मोठं प्रतिजैविक देऊन त्याचा अशक्तपणा जात नाही.

मग २०१९ मध्ये काय उरलं? मुख्यतः दोन गोष्टी. त्या पेशंटच्या श्वसनमार्गात यापूर्वी एमआरएसए किंवा स्यूडोमोनास सापडला होता का, ही पहिली. दुसरी, मागच्या नव्वद दिवसांत तो रुग्णालयात राहिला होता आणि त्याला शिरेतून प्रतिजैविक मिळालं होतं का. यांच्यामागे शरीरातली एक प्रक्रिया आहे, म्हणून त्या टिकल्या. न्यूमोनिया बहुतेक वेळा बाहेरून उडत येत नाही. झोपेत घशातला सूक्ष्म स्राव खाली फुप्फुसात उतरतो, अगदी निरोगी माणसांच्याही. म्हणजे घशात ज्यांची वस्ती, त्यांचा न्यूमोनिया. निरोगी माणसाच्या घशात क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांच्यासारखे ग्राम-निगेटिव्ह दंडाकार जंतू क्वचित सापडतात, अत्यवस्थ पेशंटच्या घशात मात्र बहुतेकदा सापडतात, हे १९६९ पासून माहीत आहे. रुग्णालयातले काही दिवस ती वस्ती बदलून टाकतात. त्यात शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन गेलं की घशातले आणि आतड्यातले साधे जंतू मरतात. जागा रिकामी होते आणि त्या औषधानं न मरणारा क्लेब्सिएला तिथं पसरतो. माणूस बरा होऊन घरी जातो, पण ही वस्ती काही आठवडे, काही महिने त्याच्याबरोबर राहते. दोन महिन्यांनी त्याला पुन्हा न्यूमोनिया झाला तर तो बहुधा त्याच वस्तीतून होणार. आता वय, मधुमेह, दमा यांच्याकडे पाहा. यांच्यामुळे न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते आणि झाल्यावर तो गंभीर होण्याचीही वाढते. पण फक्त त्यांच्यामुळे जंतू प्रतिकारक होत नाही. तुमच्या अकरा वाजताच्या पेशंटला मधुमेह आहे म्हणून मेरोपेनेम, हे कारण पुरेसं नाही. तो मागच्या तीन महिन्यांत कुठं ॲडमिट होता का, ते सांगा.

फिजिशियन : सांगतो. म्हणजे सांगता येत नाही, तेच सांगतो. मी त्याच्या मुलाला विचारतो, मागे कधी दवाखान्यात ठेवलं होतं का? "हो, दिवाळीत. तालुक्याला. चार दिवस सलाईन लावली." सलाईनमधून काय दिलं? "ताकदीचं." इंजेक्शन? "दिलं की, रोज दोन." नाव? नाव कुणालाच माहीत नाही. डिस्चार्ज कार्ड आणलंय का? "घरी असेल." कधी कधी ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघतंही, आणि त्यावर लिहिलेलं असतं : उपचार दिले, प्रकृती स्थिर. औषधाचं नाव नाही, दिवस नाहीत, कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, केलं होतं का ते नाही. त्याआधी गावात एका डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून दिलेल्या असतात. त्याच्याही आधी मुलानं स्वतःच मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणलेल्या असतात. देशातल्या खासगी बाजारात सर्वांत जास्त खपणाऱ्या प्रतिजैविकांत तिचा नंबर अगदी वर आहे.

दुसरी अडचण. परदेशात गुण देऊन जोखीम मोजण्याच्या पद्धती निघाल्या. ड्रिप नावाचा स्कोअर तुम्हीच मला दाखवला होता. साठ दिवसांत प्रतिजैविक घेतलं असेल तर दोन गुण, वृद्धाश्रमात राहत असेल तर दोन, नळीतून जेवण असेल तर दोन, पूर्वी प्रतिकारक जंतूचा संसर्ग झाला असेल तर दोन. मग अलीकडचं ॲडमिशन, फुप्फुसाचा जुना आजार, हालचाल कमी, ॲसिडिटीची गोळी अशांना एकेक. चार किंवा जास्त झाले की सावध व्हा. आता माझा वॉर्ड पाहा. पँटोप्रॅझोल अर्ध्या पेशंटच्या खिशात असते, कारण प्रत्येक चिठ्ठीवर ती गॅसची गोळी म्हणून लिहिलेली असते. वृद्धाश्रमात फार कमी जण राहतात. पण पक्षाघात झालेली आजी घरातच असते, नाकात रायल्स ट्यूब, अंथरुणातच सगळं, बघायला ब्यूरोची बाई. ती दिवसभर आजीकडे असते आणि परवापर्यंत एखाद्या आयसीयूतून आलेल्या दुसऱ्या पेशंटकडे होती. या घराला वृद्धाश्रम मानायचं की घर? ज्या प्रश्नांवर तुमचा सगळा हिशेब उभा आहे त्यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत. आणि उत्तर नसेल तेव्हा वाईटात वाईट धरून चालणं हेच माझं कर्तव्य आहे.

मायक्रोबायोलॉजिस्ट : तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते परदेशातल्या कुठल्याच मार्गदर्शिकेत सापडणार नाही, आणि माझ्या मते या विषयातलं आपल्याकडचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. पण "माहीत नाही" याचा अर्थ "हो" होत नाही. तसा धरला तर देशातल्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला मेरोपेनेम द्यावं लागेल. माहिती काढण्याचे रस्ते आहेत. कार्डवर काही नसलं तरी मेडिकलचं बिल असतं, आणि बिलावर प्रत्येक इंजेक्शनचं नाव, संख्या आणि बॅच नंबर छापलेला असतो. लोक कार्ड हरवतात पण विम्यासाठी बिल जपून ठेवतात. मुलाला व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो मागवायला सांगा, दहा मिनिटांत येतो. २०१४ पासून लागू असलेल्या एच-वन परिशिष्टाखाली सेफ्ट्रियाक्सोन, मेरोपेनेम, लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची असते, त्यात पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव असतं, आणि ते तीन वर्षं ठेवावं लागतं. ही माहिती देशात आहे. ती पेशंटबरोबर फिरत नाही, एवढंच.

वाईटात वाईट धरलं की काय होतं ते कोविडमध्ये दिसलं. प्रतिजैविकं सर्रास दिली गेली. आयसीएमआरनं दहा रुग्णालयांतले साडेसतरा हजार ॲडमिट पेशंट तपासले, तेव्हा दुसरा जीवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग झालेले निघाले ३.६ टक्के. शंभरातल्या चौघांसाठी आपण शंभरांच्याही घशातली वस्ती बदलून टाकली.

फिजिशियन : त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्यही वाचा ना. त्या ३.६ टक्क्यांपैकी निम्म्याहून जास्त दगावले. संसर्ग न झालेल्यांत मृत्यू दहा टक्क्यांच्या आसपास होते. आणि जंतू कोणते? क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, नेहमीच्या औषधांना मुळीच दाद न देणारे. तुम्ही शंभरांकडे पाहता, मी त्या चौघांकडे पाहतो, कारण मृत्यूच्या दाखल्यावर सही माझी असते.

आणि स्थानिक गोष्टींचं काय? कोकणात, गोव्यात पावसाळ्यात भातशेतात चिखलात काम करणारा मधुमेही माणूस न्यूमोनिया घेऊन येतो. त्यात मेलिऑइडोसिस असू शकतो. त्याचा जंतू मातीत राहतो आणि सेफ्ट्रियाक्सोनवर भरवसा ठेवून चालत नाही. तो पेशंट कधी रुग्णालयात गेलेला नसतो, कधी प्रतिजैविक घेतलेलं नसतं. तुमच्या नव्वद दिवसांच्या हिशेबात त्याला शून्य गुण. साधं औषध देऊन मी दोन दिवस वाट पाहिली तर तो हातचा जाईल. मेरोपेनेम दिलं तर वाचेल. मग माझी सवय वाईट कशी?

मायक्रोबायोलॉजिस्ट : या पेशंटला मेरोपेनेम बरोबर आहे, त्याला सेफ्टाझिडिमही चालतं. पण तुमच्या सवयीनं तो वाचतो का, ते पुढं पाहू. सात दिवसांत ताप उतरतो, तुम्ही "न्यूमोनिया बरा झाला" असं लिहून घरी पाठवता. मेलिऑइडोसिसला शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस औषध लागतं आणि मग तीन महिने किंवा जास्त कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या. निदान झालंच नाही तर पुढच्या गोळ्या कोण लिहिणार? तो परत येईल आणि तेव्हा जास्त वाईट अवस्थेत येईल. औषध बरोबर होतं, पण कशासाठी दिलं ते कळलं नाही म्हणून अपुरं पडलं. इथं पावसाळा, चिखल आणि मधुमेह या तिन्ही गोष्टी एकत्र येणं हाच जोखमीचा घटक आहे, आणि तो आपल्या यादीत आपणच लिहायचा आहे. त्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतही हेच म्हटलं आहे, आपापल्या भागातल्या नोंदी तपासा आणि जोखीम तिथली ठरवा.

असाच दुसरा प्रश्न क्षयाचा, आणि तो कोकणापुरता नाही, सगळ्या महाराष्ट्राचा आहे. दोन आठवड्यांचा खोकला, वजन घटलेलं, एक्स-रेवर वरच्या भागात डाग, आणि चिठ्ठीवर लिव्होफ्लॉक्सासिन. हे औषध क्षयाच्या जंतूवरही चालतं, म्हणून आठवडाभर पेशंटला बरं वाटतं, निदान लांबतं, आणि एकट्या औषधाला तोंड देणारे जंतू मागे उरतात. मुंबईतून २०११-१२ मध्ये जवळपास सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या केसेसची बातमी जगभर गेली, ती आपण विसरलो का? आता लिनेझोलिड घ्या. "एमआरएसए कव्हर" म्हणून ते न्यूमोनियात सहज लिहिलं जातं. बहुऔषधप्रतिकारक क्षयासाठी सहा महिन्यांचा जो नवा उपचार २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं स्वीकारला, त्यातलं एक महत्त्वाचं औषध हेच आहे. छातीत क्षय नाही याची खात्री न करता ते दिलं तर कुणाचं नुकसान होतं? न्यूमोनियाच्या पेशंटला क्षयासाठी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते. मेरोपेनेमच्या आधी त्या चाचणीचा कागद भरा, एवढंच मागणं आहे.

फिजिशियन : क्षयाबद्दल माझा वाद नाही. तिथं आम्ही चुकतो. पण "कमी वापरा" असं शहरातून सांगताना आपण एक गोष्ट मागे टाकतो. या राज्यात प्रतिजैविक न मिळाल्यामुळे न्यूमोनियानं मेलेल्या मुलांची संख्या मोठी आहे. गडचिरोलीत १९८८ पासून बंग दांपत्यानं गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, हातात साधं कोट्रायमॉक्सॅझोल दिलं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. ज्या गावांत हे काम झालं तिथं न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. तिथं डॉक्टर नव्हता, एक्स-रे नव्हता, कल्चर नव्हतं. औषध लवकर हातात पडलं म्हणून मुलं जगली. प्रतिकाराच्या भीतीनं आपण औषधाभोवती इतके पहारे बसवू की ते ज्याला हवं त्याच्यापर्यंत पोचणारच नाही, याची मला भीती वाटते.

मायक्रोबायोलॉजिस्ट : गडचिरोलीचं उदाहरण तुम्ही दिलंत याचा मला आनंद आहे, कारण ते माझ्या बाजूचंही आहे. दाईच्या हातात फक्त औषध दिलं नव्हतं. श्वास मोजण्याचं साधन दिलं होतं, अक्षरओळख नसलेल्या बाईलाही मणी सरकवून मोजता येईल असं. दोन महिने ते वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची खूण आहे. श्वास त्याहून कमी असेल तर साधा खोकला, प्रतिजैविक नाही. म्हणजे निकष होता, आणि तो पाळला जात होता. सगळ्यात साध्या माणसाच्या हातात सगळ्यात साधं औषध आणि एकच नेमका प्रश्न. आपल्या आयसीयूत सगळ्यात शिकलेली माणसं आहेत, सगळ्यात मोठी औषधं आहेत, पण प्रश्न कोणता विचारायचा आणि उत्तर काय आलं तर औषध द्यायचं नाही, हे लिहिलेलं नसतं. औषध मिळालं पाहिजे हा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. अमॉक्सिसिलिन आणि ऑक्सिजन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चोवीस तास हवं. मेरोपेनेमचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

आणि पहिल्या रात्री तुम्ही मोठं औषध दिलंत तर मी भांडणार नाही. शॉक असेल, व्हेंटिलेटर लागणार असेल, महिन्यापूर्वीचं ॲडमिशन असेल, तर द्या. माझं भांडण तिसऱ्या दिवशीचं आहे. पहिल्या डोसच्या आधी रक्ताच्या दोन बाटल्या आणि बेडका पाठवा. अठ्ठेचाळीस तासांनी मला फोन करा. स्यूडोमोनास, एमआरएसए, ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू प्रयोगशाळेत सहज वाढतात. बेडका चांगल्या प्रतीचा असेल आणि त्यात ते आले नसतील, तर ते असण्याची शक्यता बरीच कमी होते. तेव्हा मोठं औषध थांबवा. तुम्ही म्हणालात ना, जास्त दिलेलं औषध उद्या बंद करता येतं? तो उद्या आपल्याकडे फार क्वचित उजाडतो.

फिजिशियन : का उजाडत नाही तेही ऐका. रक्ताचं कल्चर म्हणजे पेशंटच्या खिशातून दीड-दोन हजार, दोन बाटल्यांचे त्याच्या दुप्पट. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी नातेवाईक विचारतात, यानं औषध बदलणार का? मी प्रामाणिकपणे "कदाचित" म्हणतो, आणि कल्चर रद्द होतं. आमच्या गावात ही तपासणी होत नाही, नमुना दुसऱ्या शहरात जातो, आणि रविवारी आलेला पेशंट असेल तर सोमवारी जातो. बहुतेकांना येण्याआधीच कुठं ना कुठं प्रतिजैविक मिळालेलं असतं, म्हणून कल्चर निगेटिव्ह येतं, आणि निगेटिव्हचा अर्थ काय लावायचा ते मलाच कळत नाही. तिसऱ्या दिवशी पेशंट सुधारत असतो. मी औषध कमी केलं आणि चौथ्या दिवशी तो बिघडला, तर नातेवाईक मला विचारतील, चांगलं चाललं होतं ना, मग का बदललं? या प्रश्नाला काचा फोडणाऱ्या जमावासमोर उत्तर द्यायला तुम्ही नसता.

आणि तुमच्या प्रयोगशाळेचाही यात वाटा आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या नळीतला स्राव जातो, रिपोर्ट येतो : ॲसिनेटोबॅक्टर वाढला, फक्त कोलिस्टिनला संवेदनशील. पेशंटला ताप नाही, एक्स-रे सुधारतोय, ऑक्सिजन कमी लागतोय. तो जंतू नळीत राहायला आलाय, फुप्फुस पोखरत नाहीये. पण छापील कागदावर नाव आलं की कोलिस्टिन सुरू होतं आणि किडनी जाते. तुमचा रिपोर्ट वस्ती आणि आजार यातला फरक सांगत नाही.

मायक्रोबायोलॉजिस्ट : हे मला मान्य आहे. वस्ती असणं आणि आजार असणं यातला फरक प्रयोगशाळेतल्या बशीत दिसत नाही, तो पेशंटकडे पाहूनच ठरतो. म्हणून रिपोर्टवर फक्त नाव छापून पाठवणं हे अर्धं काम आहे. स्रावात पू पेशी किती, वाढ किती दाट, मागच्या महिन्यात याच वॉर्डात काय सापडत होतं, हे आम्ही लिहायला हवं आणि फोनही करायला हवा. आणि निगेटिव्ह कल्चरच्या वेळी अनिश्चितता उरते, तेही खरं. ती मी दूर करू शकत नाही. कमी करू शकते, एवढंच.

पण एक सांगते. मघापासून तुम्ही समोरच्या पेशंटबद्दल बोलताय आणि मी त्याच्यानंतर त्या खाटेवर येणाऱ्याबद्दल बोलते आहे, असं वाटत असेल. तसं नाही. २०१९ मध्ये जगभरात प्रतिकारक जंतूंशी जोडलेल्या मृत्यूंत सगळ्यात मोठा वाटा खालच्या श्वसनमार्गाच्या संसर्गाचा होता, पंधरा लाखांहून जास्त. ही माणसं कोण? त्यांतली बरीचशी याआधीही कधीतरी न्यूमोनियानं, लघवीच्या संसर्गानं किंवा ऑपरेशनसाठी ॲडमिट झाली असणार. तेव्हा त्यांना सात दिवसांऐवजी चौदा दिवस औषध मिळालं असणार. तुमचा अकरा वाजताचा पेशंट मधुमेही आहे, सत्तरीचा आहे, तो परत येणार. आज तुम्ही देताय ते मेरोपेनेम हा त्याच्याच पुढच्या न्यूमोनियाचा जोखमीचा घटक आहे. नव्वद दिवसांनी कुणीतरी दुसरा डॉक्टर त्याच्या मुलाला विचारेल, मागे काय दिलं होतं? आणि ते तुम्ही दिलेलं असेल.

फिजिशियन : असेल. पण तो प्रश्न विचारला जायला तो नव्वद दिवस जगला पाहिजे, हे मी सोडणार नाही. शॉकमधल्या पेशंटला, आयसीयूतून नुकत्याच सुटलेल्याला, चिखलातून आलेल्या मधुमेह्याला मी पहिल्या रात्री मोठं औषध देणार, आणि यादीत गुण कमी पडले म्हणून थांबणार नाही. बाकीच्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला आतून पटतं, तरी प्रत्येक वेळी हात धजावेल असं वचन मी देत नाही. ते धाडस एकट्या डॉक्टरचं नाही. प्रत्येक जिल्ह्यात कल्चर होईल, त्या जिल्ह्यात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो याचा तक्ता दर वर्षी छापून आमच्या टेबलावर येईल, तेव्हा ते सोपं होईल. ते सरकारचं काम आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे.

आज, या आठवड्यात होण्यासारखी गोष्ट मात्र एकच आहे, आणि ती तुमच्या-माझ्यापेक्षा घरच्या माणसांच्या हातात आहे. त्यांना मी सांगेन : तुमच्या घरातलं कुणी न्यूमोनियातून, ऑपरेशनमधून किंवा कोणत्याही तापातून बरं होऊन घरी निघालं की डिस्चार्ज कार्ड तिथंच वाचा. त्यावर प्रतिजैविकाचं नाव, ते किती दिवस दिलं आणि कल्चरमध्ये काय आलं, हे लिहिलेलं असलं पाहिजे. त्याचा आणि मेडिकलच्या बिलाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरनं विचारायच्या आधीच तो दाखवा. आणि कार्डवर नाव नसेल, तर ते लिहून मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका.